मदत हवी आहे : द्राक्षांच्या डच गुणवत्ता अहवालातले शब्द

द्राक्षवेल : नाशिकहून रॉटरडॅमला माल जातो. आयातदाराशी बोलणं इंग्रजीत होतं, पण तिथल्या शीतगृहाचा अहवाल आणि हिशेब डचमध्ये येतो. ॲपमधून भाषांतर केलं तरी पैसे नक्की कशाचे कापले ते उमगत नाही. कोणते शब्द आधी शिकावेत?

पोल्डरकर : शब्दकोश ठेवा बाजूला, अहवालाच्या रकान्यांपासून सुरू करा. 'लॉसे बेसन' म्हणजे मणीगळ (खायचं बेसन नव्हे). 'खेस्खर्ट' म्हणजे तडकलेले मणी, 'स्खिमल' बुरशी. 'ब्राउने स्टेलन' म्हणजे तपकिरी पडलेले देठ; 'स्टेलन'चा दुसरा अर्थ चोरणे, त्यामुळे ॲप तिथे हमखास गोंधळतं. पैसे कापले जातात ते 'आउटफाल'वर, म्हणजे फेकाव्या लागणाऱ्या मालावर. त्याखाली बहुधा 'ऑम्पाककॉस्टन' असतो, तो पुन्हा पॅकिंग करण्याचा खर्च.

हिशेबनीस : आकडे आधी बघा. डचमध्ये 1.250 म्हणजे बाराशे पन्नास आणि 1,250 म्हणजे सव्वा. एक्सेलची सेटिंग भारतीय असेल तर टिंबवाला आकडा गपचूप सव्वा होऊन बसतो. वजनात 'पॉन्ट' म्हणजे 500 ग्रॅम, 'ऑन्स' म्हणजे 100 ग्रॅम. ब्रिटिश पौंड-औंस डोक्यातून काढा. ट्रक 'हाल्फ नेखन'ला (शब्दशः 'अर्धे नऊ') लागणार म्हटलं तर साडेआठला, साडेनऊला नाही.

द्राक्षवेल : बरं झालं सांगितलंत. पण अहवालात 'आउटफाल 8%' असेल तर तो सगळ्या कंटेनरवर धरायचा का?

पोल्डरकर : तिथेच तर खरी मेख आहे. 'स्टेकप्रूफ' हा शब्द शोधा, म्हणजे नमुना तपासणी. किती पेट्या उघडल्या आणि कोणत्या पॅलेटमधल्या, हे लेखी मागा. दाराजवळच्या चार पेट्यांवरून 8% काढले असतील तर अख्ख्या मालाला ते लावू देऊ नका. वाद घालायचा असेल तर स्वतंत्र सर्व्हेअरकडून 'एक्स्पर्टीज', म्हणजे तज्ज्ञाची तपासणी, करून घ्या, तीही पुन्हा पॅकिंग होण्याआधी. एकदा पेट्या फोडून माल निवडला की पुरावाच उरत नाही. तोवर पोचपावतीच्या उत्तरात 'ऑन्डर फोरबेहाउट' एवढं टाका : अहवाल मिळाला, मान्य केलेला नाही.