फिरत्या करंडकाच्या नियमांनी जागतिक स्पर्धेचे वक्ते घडतील का?

पाटीपेन्सिल:
वर्ल्ड स्कूल्स डिबेटिंग चँपियनशिप ही शालेय वादविवादाची जागतिक स्पर्धा १९८८ साली ऑस्ट्रेलियात सुरू झाली. एका देशाचा एकच संघ. भारताने ती २०१९ साली बँकॉकमध्ये जिंकली. तेव्हापासून एक प्रश्न सारखा कानावर येतो: महाराष्ट्रात गल्लोगल्ली वक्तृत्व स्पर्धा, मग मराठी शाळेतलं पोर त्या संघात का दिसत नाही? उत्तर ठरलेलं, "इंग्रजी". मला ते पटत नाही. दोष आपल्या स्पर्धांच्या नियमांचा आहे.

आपल्याकडे शाळेचा संघ म्हणजे दोघं. एक अनुकूल, एक प्रतिकूल. दोघांच्या गुणांची बेरीज, त्यावर फिरता करंडक. म्हणजे एका संघातली मुलं एका बाजूने कधी बोलतच नाहीत! जागतिक स्पर्धेत संघातले बोलणारे तिघंही एकाच बाजूला. पहिला व्याख्या आणि बाजूची मांडणी करून साधारण दोन मुद्दे देतो, दुसरा आधी खंडन करून उरलेला मुद्दा मांडतो, तिसरा जवळपास सगळा वेळ खंडनच करतो. प्रत्येकी ८ मिनिटं. शेवटी दोन्ही बाजूंचं ४ मिनिटांचं समारोपाचं भाषण. ते पहिल्या किंवा दुसऱ्या वक्त्यानेच करायचं, आणि विरोधकांनी आधी. आपल्या मुलाच्या हातात सरांनी लिहून दिलेली पाच मिनिटं असतात. आधीचा काय बोलला हे ऐकायचं कारणच नाही. करंडकाच्या स्पर्धा सरळ त्या पद्धतीने घ्या.

घंटावाला:
घ्या म्हणणं सोपं आहे. सहा भाषणं ८ मिनिटांची, दोन ४ मिनिटांची, झाली ५६ मिनिटं. गुणपत्रकं आणि निकाल धरून सव्वा तास. ४० शाळा आल्या तर एका फेरीला २० सामने, २० वर्ग, सामन्याला ३ परीक्षक म्हणजे ६० माणसं. तालुक्याच्या गावी तीन परीक्षक जमवताना तोंडाला फेस येतो आणि त्यातला एक प्रायोजकाचा मेव्हणा असतो. आत्ता ८० मुलं, ५ मिनिटं, एक सभागृह: ४०० मिनिटांत मोकळे.

शिवाय पाठांतराला एवढं हिणवू नका. आवाजाची फेक, विराम, सभेच्या डोळ्यात बघून बोलणं त्यातूनच येतं. तुमच्या त्या जागतिक स्पर्धेतही १०० पैकी ४० गुण शैलीलाच आहेत ना?

तिसरा वक्ता:
त्या ४० वर जाऊ नका. आशय ४०, शैली ४०, व्यूहरचना (मुद्द्यांची निवड, क्रम, वेळेचं वाटप) २० हे खरं. पण भाषणाला प्रत्यक्षात ६० ते ८० मध्येच गुण देतात, सरासरी ७०. म्हणजे शैली २४ ते ३२, आशय २४ ते ३२, व्यूहरचना १२ ते १६. सरासरी वक्ता आणि जगातला सर्वांत फर्डा वक्ता यांच्यात शैलीचा फरक फार तर ४ गुणांचा. उलट समोरच्याच्या मुख्य मुद्द्याला हात लावला नाही तर आशयातही कापले जातात आणि व्यूहरचनेतही.

पाठांतरवाला कुठे फसतो सांगतो. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधल्या ६ मिनिटांत समोरचे उभे राहून मध्येच प्रश्न टाकू शकतात, फार तर १५ सेकंदांचा. भाषणात असे दोन घ्यावेत असा प्रघात आहे. पाठ केलेलं बोलणारा एकही घेत नाही, कारण धागा सुटेल ही भीती. कोणी घेतलाच तर "यावर मी पुढे येतोच" म्हणतो आणि पुढे येतच नाही. परीक्षक हे लिहून ठेवतात.

पण पाटीपेन्सिल, तुमचंही पूर्ण पटलं नाही. तिघांना एका बाजूला बसवलं की काम झालं असं नाही. विरोधी बाजूचा तिसरा वक्ता आणि लगेच त्यांचा समारोप, अशी सलग १२ मिनिटं त्या बाजूला मिळतात. कच्चा संघ तेच खंडन दोनदा करतो. समारोपात खंडन नको, तुलना हवी: वाद कोणत्या दोन-तीन जागी झाला आणि तिथे आम्ही का सरस. हे शिकवणारं कोण आहे? आणि विषय जगाबद्दल असताना आपल्या मुलांची सगळी उदाहरणं आरक्षण नाहीतर यूपीआयची.

सागरगोटा:
इंग्रजीला इतक्या सहज बाजूला सारू नका. उच्चाराच्या ढबीवर गुण कापायचे नसतात, कबूल. पण तिथे साधारण निम्मे विषय आयत्या वेळी मिळतात. तयारीला १ तास, मोबाइल नाही, मार्गदर्शक खोलीत नाही. खंडनाला तर तासही नसतो. समोरचा खाली बसला की तुम्ही उभे. मनात मराठीत जुळवून तोंडाने इंग्रजी बोलणाऱ्याचे ८ मिनिटांत दोनच मुद्दे बसतात, समोरच्याचे तीन. द्वितीय भाषा म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या संघांना तिथे वेगळा पुरस्कार देतात, तो उगाच नाही.

पाटीपेन्सिल:
तो एक तास वापरता येणं हे भाषेचं काम नाही, सवयीचं आहे. पहिली ५-७ मिनिटं कोणी बोलायचं नाही, प्रत्येकाने एकट्याने मुद्दे लिहायचे. मग २० मिनिटं एकत्र करून निवड. मग समोरचे काय म्हणतील ते. शेवटची १५ मिनिटं आपापलं भाषण. नवखा संघ ५० मिनिटं व्याख्येवर भांडतो आणि पहिला वक्ता कोरा कागद घेऊन व्यासपीठावर जातो. हे मराठीत घोटून घेता येतं.

घंटावाला, भाषणं ५ मिनिटांची करा, समारोप अडीच मिनिटांचा. ३५ मिनिटांत सामना. २० शाळांचे १० सामने, ३५० मिनिटं. सभागृह एकच, परीक्षक तेच तीन.

घंटावाला:
उरलेल्या २० शाळांना काय सांगू? आणि विषय एक तास आधी दिलात तर निम्म्या शाळा प्रवेशिकाच पाठवणार नाहीत. वर एकेक सामना खेळून करंडक कोणाचा? एखाद्याला दुबळा संघ समोर आला म्हणजे तो अव्वल? परीक्षकांची चर्चाही तुम्ही धरलेली नाही. सामन्यामागे १० मिनिटं म्हटली तरी ४५० झाली.

तिसरा वक्ता:
चर्चा धरूच नका. तिथेही प्रत्येक परीक्षक आधी आपलं गुणपत्रक भरून देतो, बोलणं नंतर. निकाल तिघांच्या बहुमताने. दुबळ्या संघाचा आक्षेप मात्र रास्त आहे. निदान दोन फेऱ्या हव्यात, दुसरीत जिंकलेले जिंकलेल्यांशी. म्हणजे दोन दिवस.