ह्यूस्टनच्या उन्हात, दुपारी एकपर्यंत स्मोक केलेलं मांस गरम कसं ठेवायचं?

केटीकर
नमस्कार मंडळी. आमची लेक हायस्कूल पास झाली. जूनच्या पहिल्या शनिवारी पार्कातला पॅव्हेलियन घेतलाय, चाळीस-पंचेचाळीस माणसं येतील. केकबिक ठीक, पण जेवणात तिला बाबाच्या हातचं पुल्ड पोर्क (धुरावर मऊ शिजवून तंतू सुटे केलेलं डुकराचं मांस) हवंय, दुसरं काही नको म्हणते. त्यामुळे हे नीट व्हावं असं मनापासून वाटतं.

बेत असा: हाडासकट आठ-आठ पाउंडांचे दोन पोर्क शोल्डर (डुकराचा खांदा), आणि पोर्क न खाणाऱ्यांसाठी चिकनच्या तंगड्या. शोल्डर आदल्या संध्याकाळी स्मोकरवर (धुराच्या भट्टीवर) चढवले तर पहाटे सहा-सातला होतील. जेवण एकला. मधले सहा तास काय करायचं? उशिरा चढवावेत तर शोल्डरचा भरवसा नाही, १६० अंशांच्या (सगळे आकडे फॅरेनहाइटमध्ये) आसपास तापमान अडलं की तासन्‌तास हलत नाही. पॅव्हेलियनमध्ये प्लग पॉइंट नाही. कूलरमध्ये, म्हणजे सहलीला बर्फ नेतो त्या जाड पेटीत, टॉवेलांत गुंडाळून ठेवतात असं ऐकलंय, पण सहा तास चालेल का?

आई कोल्हापूरहून आलीय. तिचं म्हणणं, "रात्रीचं मटण सकाळी उकळून आपण खातोच की, एवढं काय घाबरायचं?" तिला काय सांगू? पाहुण्यांत दोन गरोदर मुली आणि बरेच आजी-आजोबा आहेत.

निखारा (ऑस्टिन)
केटीकर, लेकीचं अभिनंदन! लवकर चढवताय तेच बरोबर आहे. मांस ऐन वेळेवर शिजवण्याचा हट्ट धरणारे यजमान पाहुण्यांना तीनपर्यंत ताटकळत ठेवतात. लवकर शिजवा आणि गरम धरून ठेवा. इथली नावाजलेली दुकानंही रात्रभर शिजवलेलं ब्रिस्केट (गाईच्या छातीचं मांस) १४०-१५० अंशांच्या कपाटात कित्येक तास ठेवतात, मगच कापतात. लॉकहार्ट गावाला टेक्ससच्या प्रतिनिधीगृहाने १९९९ मध्ये राज्याची बार्बेक्यू-राजधानी ठरवलं. तिथल्या लांबलचक रांगा बघा, शेवटच्या माणसालाही गरम तुकडा मिळतो तो असं धरून ठेवल्यामुळेच.

पण सहाच्या सहा तास कूलरवर टाकू नका. तुमच्याकडे ओव्हन आहे, तो वापरा.

शोल्डर २०० अंशांच्या आसपास गेला आणि हाड ओढल्यावर अलगद सुटलं की उतरवा. लगेच घट्ट गुंडाळू नका, आतली उष्णता त्याला शिजवतच राहते आणि मग लगदा होतो. फॉइल उघडी ठेवून १८०पर्यंत येऊ द्या, प्रोब (थर्मामीटरची मांसात खुपसायची सळई) आतच राहू दे. मग दुहेरी फॉइलमध्ये गुंडाळून खोल ट्रेमध्ये ठेवा, कारण रस गळणारच, आणि तो रस फेकायचा नाही. ओव्हन १७०वर लावून ट्रे आत सरकवा. बहुतेक घरगुती ओव्हन याहून खाली जात नाहीत, आणि जायची गरजही नाही. एक मात्र बघून घ्या: काही ओव्हनचं 'कीप वॉर्म' ठरावीक तासांनी आपोआप बंद पडतं. साधं 'बेक' लावा, आणि आकड्यासाठी ओव्हनच्या पडद्यावर नाही, मांसातल्या प्रोबवर विश्वास ठेवा. 'प्रूफ' तर चुकूनही नको, ते पिठासाठी असतं.

निघायच्या अर्धा तास आधी कूलरमध्ये नळाचं कडकडीत पाणी भरून झाकण लावा. उकळतं नको, काही कूलरचं आतलं प्लॅस्टिक वाकडं होतं. मग पाणी ओतून पुसा, तळाला टॉवेल, त्यावर ट्रे, वर आणि कडेने आणखी जुने टॉवेल. जितकी रिकामी जागा तितकी उष्णता लवकर जाते, म्हणून दोन शोल्डरना भलामोठा कूलर नको. प्रोबची तार झाकणाखालून बाहेर काढा, म्हणजे न उघडता आकडा दिसेल. असा भरलेला कूलर तीन-चार तास सहज काढतो, तुम्हाला तर दोनच हवेत.

पार्कात एक शोल्डर सोडा, म्हणजे हाताने त्याचे तंतू सुटे करा, दुसरा बंदच राहू दे. ट्रेमधला रस वरची चरबी काढून परत मांसात घाला. वाढायला शेफिंग डिश (खाली गरम पाणी आणि ज्योत असलेलं बुफेचं भांडं) असेल तर तिच्या खालच्या भांड्यात थर्मासमधलं उकळतं पाणी ओता आणि मगच स्टर्नोचे (जेलीसारख्या इंधनाचे) डबे पेटवा. ती डिश गरम ठेवते, गार झालेलं गरम करत नाही. वारा असेल तर ज्योतीला आडोसा करा.

प्रयोगशाळा_डॅलस
मी अन्नातल्या जिवाणूंच्या तपासणीत काम करतो, म्हणून आईंच्या प्रश्नाला उत्तर देतो. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. रस्सा ढवळून खळखळ उकळला की सगळीकडून उकळतो. आठ पाउंडांच्या गोळ्याचं तसं होत नाही. तो बाहेरून गार होतो, पण आत तासन्‌तास कोमट राहतो.

आणि कोमट हाच खरा धोका. क्लॉस्ट्रिडियम पर्फ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. मांस ११० ते ११७ अंशांच्या दरम्यान (४३ ते ४७ सेल्सिअस) रेंगाळलं की ते जागे होतात आणि भराभर वाढतात. अमेरिकेत दरवर्षी जवळजवळ दहा लाख माणसं याने आजारी पडतात असा सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा) अंदाज आहे. मोठ्या पंगतीतल्या मांसात हा नेहमीचा पाहुणा, कारण तिथेच मोठे गोळे लांबवर ठेवलेले असतात. मांसाला वास येत नाही, चव बिघडत नाही. सहा ते चोवीस तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब.

दुसरा स्टॅफिलोकोकस. तो आपल्या हातांवरून आणि नाकातून येतो, म्हणजे मांस हाताने सोडताना. जिवाणू उकळून मरतो, पण त्याने आधीच सोडलेलं विष उकळूनही तसंच राहतं. "उकळून घेऊ" हे इथे चालत नाही. म्हणून मांस सोडताना आत सुती आणि वर नायट्राइलचे हातमोजे घाला. चटकाही बसणार नाही.

यूएसडीएचा (अमेरिकेच्या कृषी खात्याचा) नियम: गरम अन्न १४० अंशांच्या (६० सेल्सिअस) वर. त्याखाली आल्यावर दोन तास, आणि बाहेर ९० अंशांपेक्षा जास्त उष्मा असेल तर एकच तास. ह्यूस्टनचा जून म्हणजे तुम्ही एकच तास धरा. गरोदर मुली आणि वृद्ध येणार आहेत, तर प्रोबवर १४५ दिसलं की वाढायला घ्या, १४०ची वाट बघू नका. त्या तासानंतर टेबलावर उरलेलं मांस कुणाला डब्यात बांधून देऊ नका. आग्रह झाला तरी नाही.

थर्मामीटर आदल्या दिवशी बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा, ३२ दाखवायला हवा.

केटीकर
दोघांचेही आभार. आईला वाचून दाखवलं, "गोळा आणि रस्सा वेगळा" हे तिला लगेच पटलं. आता चिकन. तेही पहाटेच करून ओव्हनमध्ये टाकू का?

निखारा (ऑस्टिन)
नको. शोल्डरमध्ये चरबी आणि विरघळलेलं कोलॅजन (मांसातला चिवट धागा) असतं, तो थांबल्याने आणखी मऊ होतो. चिकन तासन्‌तास धरलं की कोरडं पडतं आणि फॉइलमध्ये कातडी रबरासारखी होते. सकाळी स्मोकर रिकामाच असेल. २७५वर तंगड्यांना साधारण दीड-दोन तास लागतात, पावणेदहाला लावा. १६५ला खायला सुरक्षित होतात, पण तंगडी १८०पर्यंत नेली तरच हाडापासून नीट सुटते. हाडाजवळ गुलाबी दिसलं म्हणून बिचकू नका, धुराने मांस गुलाबी होतं. आकडा बघा. चिकनला वेगळा छोटा कूलर द्या. पॅव्हेलियनशेजारी कोळशाची लोखंडी शेगडी असेल तर वाढायच्या आधी दोन-दोन मिनिटं त्यावर धरा, कातडी परत कुरकुरीत होते.

पिंपळपान
मी न्यू जर्सीत असते, माझा मार्ग जरा निराळा आहे. मी शोल्डर आदल्या दिवशीच करते, गरम असतानाच सोडते आणि उथळ ट्रेंमध्ये दोन इंचांहून कमी थरात पसरते. १३५वरून ७०पर्यंत दोन तासांत आणि तिथून ४१पर्यंत पुढच्या चार तासांत, असा इथल्या हॉटेलांना लागू असलेला नियम आहे. ट्रेखाली बर्फ ठेवला की हे सहज जमतं. दुसऱ्या दिवशी त्यातलाच रस आणि थोडा सफरचंदाचा रस घालून, झाकून, ओव्हनमध्ये १६५पर्यंत तापवते. ताज्याची वरची काळी खरपूस साल यात मऊ पडते, हे खरं. पण रात्रभर जागायला कुणी नसेल तर हेच करावं. स्लो कुकरच्या 'वॉर्म'वर मात्र गार मांस तापवू नका, ते फार वेळ कोमट राहतं.

केटीकर
रात्री जागायला भाऊ येतोय, त्यामुळे निखाराताईंच्या पद्धतीनेच करतो. शुक्रवारी संध्याकाळी सहाला चढवणार. शोल्डर सकाळी आठपर्यंत झालेच नाहीत तर?

निखारा (ऑस्टिन)
तर फॉइलमध्ये गुंडाळून स्मोकर २७५वर न्या. एव्हाना धूर लागायचा तेवढा लागलेला असतो, अडलेलं तापमान पुन्हा चढू लागेल. दहापर्यंत होतील.