कॉलनीपुढचा डीपी रोड काँक्रिट होतोय, फूटपाथ कसा मागायचा? (जुळे सोलापूर)

जुळे_सोलापूरकर:
नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीपुढचा 18 मीटरचा डीपी रोड (शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता) आता काँक्रिट होणार असं कळलंय, मोजणीवाले येऊन खुणा करून गेले. चांगलीच गोष्ट आहे, इतकी वर्षं पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ खातोय आम्ही. पण त्या पोराला विचारलं फूटपाथ कुठं येणार तर म्हणला काका, मधी डिव्हायडर, दोन्हीकडं काँक्रिट आणि कडेला गटर. संपलं. ह्याच रस्त्यानं सकाळी पोरं सायकलवर शाळेला जातात, म्हातारी माणसं फिरायला निघतात, रिक्षा पकडायची म्हणलं तरी बायकांना मेन रोडपर्यंत चालतच जावं लागतं. रस्ता गुळगुळीत झाला की गाड्या सुसाट येणार, मग चालणाऱ्यानं जायचं कुठून? कॉलनीत सह्या गोळा करतोय. अर्ज कुणाला द्यायचा, त्यात नेमकं काय लिहायचं आणि आता काही बदलता येतं का, माहिती असणाऱ्यांनी सांगा की ओ.

निवृत्त_सिव्हिल:
बदलता येतं, पण वर्क ऑर्डर म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश निघायच्या आधी. नंतर गेलात तर "एस्टिमेटमध्ये नाही" एवढंच उत्तर मिळेल आणि ते खरंही असतं, कारण जे अंदाजपत्रकात नाही त्याचं बिल निघत नाही. म्हणून आधी कामाचा क्रॉस सेक्शन मागा. रस्ता आडवा कापला तर कुठं किती मीटर काय येणार ते त्या एका कागदावर असतं, फूटपाथ राहणार की जाणार ते तिथंच ठरतं. तोंडी मागून मिळाला तर उत्तम, नाहीतर माहिती अधिकारात 10 रुपये भरून अर्ज टाका, त्यात क्रॉस सेक्शन, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यतेची प्रत मागा. पण त्याला 30 दिवस लागू शकतात म्हणून सह्यांचं निवेदन त्याची वाट न बघता आजच द्या, महापालिकेचं झोन ऑफिस आणि नगर अभियंता दोन्हीकडं, आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या.

निवेदनात "फूटपाथ करावा" एवढंच लिहू नका. आयआरसी 103 म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचं पादचाऱ्यांसाठीचं मार्गदर्शक, त्याच्या 2012 च्या आवृत्तीत राहत्या भागातल्या फूटपाथला कमीत कमी 1.8 मीटर रुंदी मोकळी हवी असं दिलंय. मोकळी म्हणजे खांब, झाड, ट्रान्सफॉर्मर, पाट्या सोडून. उंची 150 मिलीमीटरच्या वर नको. आपल्याकडं गुडघ्याएवढा ओटा बांधतात आणि दर बंगल्याच्या गेटपाशी तो तोडून गाडीसाठी उतार करतात, मग म्हातारं माणूस दहा पावलं चढणार, दहा पावलं उतरणार, आणि शेवटी खालून रस्त्यावरूनच चालणार. त्यापेक्षा फूटपाथ सलग एका पातळीत ठेवायचा आणि गेटपाशी गाडीनं चढून जायचं. हे वाक्य निवेदनात टाकाच.

18 मीटर काय कमी नाहीत. गाड्यांना 7 मीटर दोन लेनला पुरतात. दोन्ही बाजूला अडीच-अडीच मीटर फूटपाथ म्हणजे 5 गेले, सायकलला दोन-दोन म्हणजे 4. उरले 2, त्यात एका बाजूला थोडं पार्किंग, मग झाड, परत पार्किंग असं आलटून पालटून. डिव्हायडरची तिथं गरजच नाही, डिव्हायडर टाकला की लोक मोकळा रस्ता समजून अजून जोरात हाणतात. आणि कडेची जुनी कडुनिंबं तोडू देऊ नका, मे महिन्यात सोलापुरात सावलीशिवाय कोण चालणार? झाड तोडायला 1975 च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते, ती घेतली का तेही विचारा.

दुकानदार_विजापूररोड:
सगळं पटतंय पण आमची पण बाजू ऐका. दुकानापुढं गाडी लावायला जागा नाही राहिली तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. आणि फूटपाथ झाला की महिन्यात त्यावर हातगाडे लागतात, मग फूटपाथ कुणासाठी केला?

पूर्वभागातली:
मी अशोक चौकाकडची. दादा, तुमच्या दुकानात चालत येणारं गिऱ्हाईक पण मोजून बघा एकदा. आमच्या भागात विडी कामगार बायका कारखान्यात विड्या द्यायला चालत जातात, डोक्यावर नाहीतर कडेवर ओझं, बऱ्याच जणींच्या घरात गाडीच नाही. कडेला गाड्या लावलेल्या असतात म्हणून त्या ट्रकच्या बाजूनं चालतात, मागून हॉर्न वाजला तर ओझ्यामुळं पटकन बाजूला पण होता येत नाही. रस्ता बांधताना ह्या बायकांना कुणी विचारत नाही, कारण त्यांचा ट्रॅफिक कुणी मोजतच नाही, मोजतात ती वाहनं. 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात वाहनं नाही, माणसं पुढं गेली पाहिजेत असं स्पष्ट म्हणलंय. तुमच्या निवेदनाबरोबर एक काम करा, सकाळी आणि संध्याकाळी एकेक तास उभं राहून चालणारे आणि सायकलवाले मोजा आणि तो कागद जोडा.

हातगाड्यांचं म्हणाल तर भाजीवाली पण रस्त्याचा भागच आहे, तिला हाकलून प्रश्न सुटत नाही. 2014 च्या फेरीवाला कायद्यात शहर फेरीवाला समिती असते, त्यात किमान 40 टक्के सदस्य फेरीवालेच हवेत. रस्ता आखतानाच तिच्यासाठी जागा सोडली तर चालायची पट्टी मोकळी राहते.

रोज_सिटीबसनं:
एक राहिलं. 1992 च्या हद्दवाढीनंतर शहर 178 चौरस किलोमीटरच्या वर गेलं. एवढ्या पसरलेल्या गावात फक्त फूटपाथवर भागत नाही, बस पाहिजेच. केंद्राच्या इलेक्ट्रिक बसच्या योजनेत, पीएम ई-बस सेवेत, सोलापूरचं नाव आहे, बस येतील तेव्हा येतील, पण स्टॉपची जागा आत्ताच आखून ठेवायला सांगा. फूटपाथला लागून, वर सावली, बसायला बाक, आणि शेजारीच रस्ता ओलांडायला झेब्रा. नंतर फूटपाथ फोडून शेड टाकतात आणि चालायची वाट तिथंच बंद होते.

जुळे_सोलापूरकर:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. माणसं मोजायचं काम कॉलनीतल्या कॉलेजच्या पोरांनी अंगावर घेतलंय, दुकानदारांना पण सहीला बोलावतोय, पार्किंगच्या जागा त्यांनीच नकाशावर दाखवाव्यात. निवृत्त_सिव्हिल सर, एकच विचारायचं होतं, समजा जागेवर 18 मीटर भरलेच नाहीत तर आधी काय सोडायचं?

निवृत्त_सिव्हिल:
आधी पार्किंग. मग सायकलची वेगळी पट्टी सोडा आणि त्या बदल्यात गाड्यांचा वेग कमी करा, कॉलनीच्या तोंडाशी उंच टेबलसारखं क्रॉसिंग मागा म्हणजे सायकल गाड्यांबरोबर चालू शकते. फूटपाथचे 1.8 सोडू नका. आणि जागा का भरत नाही ते नगररचना विभागातून मोजणीचा नकाशा काढून बघा, बऱ्याच ठिकाणी रस्ता कागदावर 18 चा असतो आणि चार मीटर कुणाच्या तरी कंपाउंडमध्ये गेलेले असतात.