काँटेसा १.८ ला मसल कारचा थाट द्यायचाय: इंजिन आधी की पत्रा आधी?

घोडबंदर_९३

नमस्कार मंडळी. गाडी १९९३ची काँटेसा क्लासिक १.८ जीएलएक्स, पेट्रोल, एमएच-०४ पासिंग. इंजिन मूळ इसुझूचं, ५ गिअर. चालू स्थितीत आहे, आरसीचं नूतनीकरण झालेलं आहे. रंग वरून बरा दिसतो, पण कार्पेट उचललं की ओल लागते आणि ड्रायव्हरच्या बाजूचा रनिंग बोर्ड ठोकल्यावर बद्द वाजतो.

डोक्यात १९६९-७०च्या अमेरिकन गाड्यांचा नमुना आहे. काळा रंग, रुंद टायर, मागून जरा उचललेली, भरीव आवाज. एका गॅरेजवाल्याचं म्हणणं आहे की आधी मोठं इंजिन बसवून घ्या, डेंटिंग-पेंटिंग नंतर बघू. दुसरा सांगतो, आधी बॉडी. जाणकारांनी तीन गोष्टी सांगाव्यात: कामाचा क्रम काय ठेवावा, व्ही-८ (८ सिलिंडरचं) किंवा टोयोटाचं ६ सिलिंडर इंजिन या बॉडीला झेपेल का, आणि अशा गाड्या नेमक्या कुठे फसतात?

रबाळे_पत्रा

पत्रा आधी. यात दुसरं मतच नाही. अँबॅसेडरप्रमाणेच काँटेसालाही वेगळी चेसिस नाही, सगळा भार बॉडीच उचलते. रनिंग बोर्ड सडला म्हणजे गाडीचा कणाच सडला. त्यावर मोठं इंजिन ठेवलंत तर पहिल्या जोरकस पिकअपला दाराच्या फटी बदलतील आणि पुढच्या काचेचे कोपरे तडकतील.

तपासणी अशी करा. लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून पॅनेलवरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली पुट्टी आहे. मग गाडी वर घेऊन जाड स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा: रनिंग बोर्डचं आतलं तोंड, जॅक लावायच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानी, स्टेपनीचा खड्डा, बॅटरीचा ट्रे, दारांच्या खालच्या कडा. कार्पेटखालची ओल बहुतेक वेळा जमिनीतून येत नाही. वायपरखालच्या पोकळीतलं पाणी जायचं भोक पालापाचोळ्याने बुजतं आणि ते पाणी आत उतरतं. ते भोक मोकळं केल्याशिवाय नवीन पत्रा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. खाडीकाठी, म्हणजे कोपरी, कळवा, ऐरोली, वाशी भागात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना खारी हवा वरून लागते, पण त्यांचा पत्रा गंज खातो तो आतून.

रनिंग बोर्ड कापण्याआधी दाराच्या चौकटीत २५ मिमीच्या चौकोनी पाइपने आडवा आणि तिरका आधार वेल्ड करा. गाडी मधोमध जॅकवर ठेवू नका. स्टँड सस्पेन्शनखाली द्या, म्हणजे बॉडी चाकांवर असते तशीच राहील. दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. दाराची फट कापण्याआधी आणि टॅक मारल्यावर मोजा, २ मिमीचा फरक दिसला तरी थांबा.

पत्रा सीआरसी (कोल्ड-रोल्ड) घ्या. फ्लोअरला २० गेज, रनिंग बोर्ड आणि जॅक पॉइंटला १८ गेज. वेल्डिंग मिगच हवं, ०.८ मिमी तार, २० ते २५ मिमीचे टाके, आणि एक टाका इथे तर पुढचा लांब तिथे. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून लाटा धरतो आणि सांध्याच्या कडेला गंज लवकर परततो. वेल्डिंगआधी बॅटरी आणि आल्टरनेटरच्या तारा सोडा, नाहीतर डायोड जातात. पेट्रोलची टाकी उतरवून गाडीपासून लांब ठेवा.

उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, मग सीम सीलर, आणि रंग झाल्यावर पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स. खालची निचऱ्याची भोकं वॅक्सने बुजणार नाहीत एवढं बघा. रंगकाम जून ते सप्टेंबरमध्ये घेऊ नका. बंद, कोरडा बूथ नसेल तर दमट हवेत रंगावर दुधाळ छटा येते आणि खाली ओल कोंडते.

काळ्या रंगाबद्दल मुद्दाम सांगतो. काळा रंग पत्र्यातली प्रत्येक लाट दाखवतो. पुट्टी २ मिमीच्या वर जाऊ देऊ नका. घासायला हाताची बोटं नकोत, लांब ब्लॉक घ्या, आधी १८० मग ३२०चा कागद. मार्गदर्शक म्हणून वरून पातळ राखाडी फवारा मारा. घासताना जिथे राखाडी शिल्लक राहते तिथे खड्डा आहे. हे काम कंटाळवाणं आहे, पण आरशासारखी दिसणारी काळी गाडी याच कामातून होते.

ऐरोली_व्ही८

पत्र्याबद्दलचं मत पूर्ण पटतं. इंजिनाबद्दल माझं मत थोडं सविस्तर देतो, कारण व्ही-८ मलाही मनापासून आवडतं.

मसल कारचं सूत्र साधं होतं: मध्यम आकाराची, रोजच्या वापराची बॉडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं इंजिन. १९६४च्या पाँटिअॅक जीटीओने ते रूढ केलं, ३८९ घनइंचांचं म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं व्ही-८ घेऊन. पण जे आकडे ऐकून आपण भारावतो ते तपासून घ्यावेत. १९७०च्या शेव्हेल एसएस ४५४ एलएस६चे ४५० हॉर्सपॉवर हे ‘ग्रॉस’ मोजमाप आहे, म्हणजे इंजिन बाहेर बेंचवर, एअर फिल्टर, सायलेन्सर आणि इतर जोडण्यांचा अडसर न धरता. १९७२पासून अमेरिकन कंपन्या सरसकट ‘नेट’ आकडे देऊ लागल्या. त्यामुळे जुन्या जाहिरातीतला आकडा आणि आजच्या गाडीचा आकडा एका ओळीत ठेवून चालत नाही.

आता तुमची गाडी. व्हॉक्सहॉलच्या व्हीएक्स मालिकेवरून हिंदुस्थान मोटर्सने १९८४मध्ये काँटेसा आणली, तेव्हा तिच्यात अँबॅसेडरचं १.५ लिटर इंजिन होतं. इसुझूचं १.८ नंतर आलं, नव्वद बीएचपीच्या आसपासचं. गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरेन्शियल, ब्रेक सगळं त्याच मापाचं. १९९७च्या कॉर्व्हेटमध्ये आलेलं एलएस१ व्ही-८, ५.७ लिटर, अॅल्युमिनियम ब्लॉकचं, सुमारे ४७५ न्यूटन-मीटर टॉर्क देतं. तुमच्या इंजिनाच्या तिपटीहून जास्त. इंजिन बसतं की नाही हा प्रश्न सगळ्यात सोपा आहे. त्यानंतर नवा गिअरबॉक्स, त्यासाठी कापलेला टनेल, नवा मागचा अॅक्सल, वेगळा संप (इंजिनाखालची तेलाची कढई) कारण ती पुढच्या क्रॉसमेंबरला लागते, स्टिअरिंग कॉलमशेजारून वाट काढणारा एक्झॉस्ट, आणि बॉडी पिळू नये म्हणून पुढून मागे जोडणारे पोलादी पाइप. यातलं एक जरी अर्धवट राहिलं तर गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खाते. टोयोटाच्या ६ सिलिंडर २जेझेडला तर लांबी आणि ओतीव लोखंडी ब्लॉकचं वजन पुढे येतं, स्टिअरिंग जड होतं.

ट्रेलरवर नेऊन फक्त ट्रॅकवर किंवा प्रदर्शनात उतरवायची गाडी असेल तर खुशाल करा. रोज घोडबंदर रोडवर काढायची असेल तर मूळ १.८ नीट बांधा. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं तपासा, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांत १० टक्क्यांहून जास्त फरक नको. हेड उतरवलंत तर व्हॉल्व्ह सीट तीन कोनांत कापून घ्या, ४-२-१ हेडर (चार नळ्यांच्या दोन आणि दोनाची एक होणारा एक्झॉस्ट) आणि ३२/३६ ट्विन-चोक कार्ब्युरेटर. आवाजात भरीवपणा हवा तर सायलेन्सर रिकामा करू नका, मोठ्या पोटाचा सरळ-नळीचा सायलेन्सर लावा. आणि हेडरवर कापडी रॅप नको. आपल्याकडच्या दमट हवेत ते ओल धरून ठेवतं आणि आतलं लोखंड सडवतं.

कागदपत्र_ठाणे

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील आणि कंपनीने मुळात दिलेली गाडी यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच उचलून धरलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी आधी, पाना नंतर. रंग बदलला तर तोही आरसीवर चढवा. अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर इंजिन नंबर आधी बघतो.

‘पुढे व्हिंटेजमध्ये नोंदवू’ हा विचार असेल तर तोही बाजूला ठेवा. २०२१च्या नियमांत गाडी ५० वर्षांहून जुनी हवी आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे बदल केलेले नकोत. तुमची गाडी २०४३मध्ये तिथे पोचेल, तीही मूळ रूपात असेल तरच.

नेरूळ_कार्ब

अशा गाड्या नेमक्या कुठे फसतात? गायमुखच्या चढणीला, दुपारी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. त्यामुळे कूलिंग आणि इंधन या दोन गोष्टींवर हात राखू नका.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. इंजिन मग तापमानावर यायला वेळ घेतं, मिश्रण दाट (पेट्रोल जास्त) राहतं, पेट्रोल तेलात उतरतं आणि रिंगा झिजतात. थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर घेऊन तपासा. ८२ अंशांचा असेल तर त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. रेडिएटर उघडून सळईने नळ्या साफ करून घ्या, नुसतं फ्लशिंग पुरत नाही. इलेक्ट्रिक पंखा लावला तर आच्छादनासकट लावा. आच्छादन नसेल तर पंखा बाजूची हवा फिरवत बसतो आणि जाळीच्या कोपऱ्यांतून हवा जातच नाही. स्विच ९२ला चालू, ८७ला बंद. ४० अँपिअरचा रिले, बॅटरीपासून फ्यूजसह वेगळी तार.

आता विजेचा हिशेब बघा, अँपिअरमध्ये. पावसाळी रात्र, ट्रॅफिक जाम: पंखा १५ ते २०, हेडलाइट १०, ब्लोअर ८, वायपर ४-५, इग्निशन ४-५. चाळिशी सहज ओलांडते. जुना आल्टरनेटर आयडलला त्याच्या क्षमतेच्या निम्मंही देत नाही. ६५-७० अँपिअरचा बसवा, नाहीतर ‘गाडी गरम झाली’ म्हणून आलेली तक्रार मुळात कमी व्होल्टेजमुळे मंद फिरणाऱ्या पंख्याची निघते.

इंधन आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं. जुने रबरी पाइप, कार्ब्युरेटरचा पंप डायफ्रॅम आणि सील त्यात फुगतात, मग चिरतात. इथेनॉलला चालणारा, एफकेएम (फ्लोरोरबर) अस्तराचा पाइप घ्या, वर छापलेलं वाचून घ्या. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे शुद्ध पेट्रोलवर लावलेलं जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) ई२०वर सुमारे ८ टक्के पातळ चालतं. जेटच्या व्यासात ४ टक्के वाढ म्हणजे क्षेत्रफळात ८, म्हणून १२०चं जेट असेल तर १२५ लावून प्लगचा रंग बघा. पांढराफटक प्लग आणि हलक्या अॅक्सिलरेटरला हिसके, म्हणजे अजून पातळ. टाकी पावसाळ्यात भरलेली ठेवा. अर्ध्या टाकीतल्या हवेतली ओल इथेनॉल ओढून घेतं, पाणी तळाशी बसतं आणि लोखंडी टाकी आतून गंजते.

गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सुरू होत नसेल तर कार्बखाली १० मिमीचा, उष्णता अडवणारा फिनॉलिक स्पेसर द्या आणि इंधनाचा पाइप हेडरपासून लांबून न्या.

तुर्भे_इंजेक्शन

मी ३२/३६ कार्ब्युरेटरच्या विरोधात आहे. एवढी मेहनत घेताच आहात तर थ्रॉटल बॉडी इंजेक्शन आणि वाइडबँड (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) सेन्सर घ्या. इथेनॉलचं प्रमाण कमीजास्त झालं तरी क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे सेन्सरचं वाचन बघत, मिश्रण स्वतः सावरतं. मात्र टाकीत परतीची लाइन आणि आत पेट्रोल हलू नये म्हणून पडदे हवेत, नाहीतर वळणावर पंप हवा ओढतो.

घोडबंदर_९३

मनापासून आभार. इंजिन मूळच ठेवतो, पत्र्यापासून सुरुवात. एक राहिलं: १७ इंची चाकं आणि ब्रेक. आणि मागून उचलताना स्प्रिंगखाली ठोकळे दिले तर चालेल का?

कळवा_लेथ

ठोकळे नकोत. मागचा भाग उचलला की डिफरेन्शियलचा कोन बदलतो. गिअरबॉक्सचं मागचं तोंड आणि डिफरेन्शियलचं पिनियन यांचे कोन एकमेकांविरुद्ध आणि जवळपास सारखे हवेत, क्रॉसवरचा (प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यावरचा) कोन १ ते ३ अंशांत. ते बिघडलं की ७०-८०च्या वेगाला सीटखाली घरघर येते. लोक चाकं बॅलन्स करत बसतात आणि महिन्याभरात क्रॉस जातो. डिजिटल अँगल गेज घेऊन गाडी चाकांवर उभी असताना मोजा. हवी ती उंची मापाच्या नवीन स्प्रिंगने घ्या.

१७ इंची चाकं या बॉडीवर खेळण्यासारखी दिसतात, हे माझं स्पष्ट मत. मसल कारचा थाट उंच रबरात आहे. १५ x ७ रिम, पुढे २०५/६० आणि मागे २२५/६०. नव्या टायरचा बाहेरचा व्यास जुन्याच्या ३ टक्क्यांत आहे का ते मोजा. मागे एवढा मोठा टायर बसवताना तो आकडा ओलांडला तर चारही २०५ ठेवा, स्पीडोमीटर आणि कमान दोन्ही वाचतात. पीसीडी (चाकाच्या बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) जुळत नाही म्हणून अॅडॅप्टर लावू नका, हबला योग्य रिमच शोधा. रिमचं मधलं भोक हबवर घट्ट बसलं पाहिजे, नाहीतर बोल्टवर भार येतो.

ब्रेकचे पाइप तांब्याचे करू नका, थरथरीने कडक होऊन फुटतात. ३/१६ इंचाचा स्टील किंवा क्युप्रोनिकेल पाइप आणि टोकाला डबल फ्लेअर. रबरी होज सगळे नवे, ब्रेक ऑइल डॉट ४, ते दर दोन पावसाळ्यांनी बदला. पुढे मोठी डिस्क लावलीत तर मास्टर सिलिंडरचा व्यास परत बघा. लहान राहिला तर पॅडल खोल जातं, मोठा घेतला तर पाय दुखतो. आणि ‘लोपिंग’ (आयडलला हेलकावणाऱ्या) आवाजासाठी कॅम बदलायचा मोह झाला तर आधी व्हॅक्यूम गेज लावा. आयडलला व्हॅक्यूम १६ इंचांखाली (पाऱ्याच्या) गेलं तर ब्रेक बूस्टरची मदत कमी होते आणि जाममध्ये दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला पॅडल दगड होतं.

बसवून झाल्यावर पहिल्या १०० किलोमीटरला चाकांचे नट, आणि ५००ला प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट, हेडरचे नट आणि स्टिअरिंगचे जॉइंट टॉर्क पान्याने परत आवळा. स्प्रिंग बसल्यावर अँगल गेजही पुन्हा लावा, उंची थोडी उतरलेली असते.