हायड्रोजन, डिझेल आणि मध्येच युरिया

गिअरबॉक्स : काल कुणीतरी लिहिलं, 'जुन्या डिझेल ट्रकात हायड्रोजन सोडा, प्रदूषण संपलं, बॅटरीचं खूळ सोडा.' वाचून डोकं फिरलं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटतं. हायड्रोजन तसा सहज पेटत नाही. त्याला साधारण 585 अंश लागतात, डिझेलला त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे काडी लावायला आधी थोडं डिझेल हवंच. शिवाय आजचा बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू नाहीतर कोळशापासून बनतो. सायलेन्सरमधला धूर कारखान्याच्या चिमणीत नेऊन ठेवला, एवढंच.

पळसपान : ते 'कुणीतरी' म्हणजे मी. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने 2022 मध्ये डिझेल इंजिन 90 टक्के हायड्रोजनवर चालवलं, कार्बन डायऑक्साइड 85 टक्क्यांहून जास्त घटला. जुने ट्रक भंगारात काढायचे पैसे तुम्ही देणार का?

गिअरबॉक्स : प्रयोगशाळेत! मोजा जरा: किलोभर हायड्रोजनला 50 युनिटच्या वर वीज लागते, त्यात ऊर्जा उरते 33 युनिट, चाकापर्यंत जेमतेम 13. शिवाय ज्वाला जास्त तापली की नायट्रोजन ऑक्साइड हे घातक वायू वाढतात.

वाळव्याचा ट्रकवाला : नायट्रोजन ऑक्साइडचं नाव काढू नका. ते धुरातून कमी करायलाच बीएस6 (धुराचे नवे नियम) गाडीत युरियाचं पाणी ओततोय. गेल्या पावसाळ्यात साखर भरून मुंबईला निघालो, खंबाटकीत सेन्सर बोंबलला आणि पिकअप गेला. मागं शंभर हॉर्न. सेन्सर बदलला, महिन्यात परत तेच. आता हायड्रोजन आला तरी युरिया सुटणार नाही म्हणता?

नळीवाला : सुटा युरिया ओतला असेल, दुसरं काय.

वाळव्याचा ट्रकवाला : तुम्ही बघायला आला होता का? सीलबंद बादली होती. घरात बसून निदान करू नका.

गिअरबॉक्स : अहो, युरियाचा वेगळा धागा काढा!

वाळव्याचा ट्रकवाला : काढतो. पण आधी उत्तर द्या.

नळीवाला : बरं, सीलबंद असेल. माझंही ऐका. आमच्या वडिलांनी जीपला 'पाण्यावरचं' किट बसवलं होतं. बरणीत पाणी, बॅटरीच्या दोन वायरी, पाण्यातून हायड्रोजन निघून ॲव्हरेज दीडपट होईल म्हणून हमी. ॲव्हरेज तेवढंच राहिलं, बॅटरी बसली. बॅटरी भरणारा अल्टरनेटर इंजिनच फिरवतं, तो फुकट फिरत नाही हे त्यांना दहावी नापास मेकॅनिकने सांगितलं, किटवाल्या इंजिनिअरने नाही.

पळसपान : ती बरणी आणि टाकीतला हायड्रोजन एका मापाने मोजू नका. मार्च 2025 पासून टाटांच्या हायड्रोजन ट्रकांच्या चाचण्या मुंबई-पुण्याकडेही सुरू झाल्या, त्यात हायड्रोजन जाळणारं इंजिनही आहे. तेही खुळे का?

गिअरबॉक्स : नाहीत. लांब पल्ला, अवजड माल, तिथे बॅटरीचं वजन नडतं, हे मान्य. पण ते ट्रक कारखान्यातूनच तसे आलेत. तुमचा 'जुन्या ट्रकात सोडा' कुठे गेला?

पळसपान : 'संपलं'च्या जागी 'घटलं' वाचा. झालं समाधान?

वाळव्याचा ट्रकवाला : माझ्या युरियाचं काय ते अजून कुणी बोललंच नाही.