मदत हवी आहे: साडेतीन महिन्यांची लेक माझ्याजवळ थांबत नाही

नमस्कार. गेले पंधरा-वीस दिवस मला दुसरं काही सुचत नाहीये, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्यांनी लहान बाळं अंगाखांद्यावर वाढवली आहेत त्यांनी, आणि विशेषतः बाबा मंडळींनी, जरूर सांगा.

आमची मुलगी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी झाली. बाळंतपण बायकोच्या माहेरी, वर्ध्याला. मी नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतो आणि बुटीबोरीला कारखान्यात शिफ्टची नोकरी करतो. मुलगी झाली तेव्हा तीन दिवस सुट्टी मिळाली, तीही माझ्याच शिलकीतली. केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवसांची रजा असते, खासगीत तसा कायदाच नाही. त्यामुळे पहिले तीन महिने मी लेकीला फक्त साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी भेटलो. सकाळची गाडी धरायची, दिवसभर तिला मांडीवर घेऊन बसायचं, रात्री परत. दर आठवड्याला ती वेगळीच दिसायची. एकदा गेलो तर जावळ मागून घासून गेलेलं, पुढच्या वेळी मूठ तोंडात घालायला शिकलेली. तिचं पहिलं हसू मी व्हिडिओवर पाहिलं. ते मला अजून लागतं.

१२ एप्रिलला दोघी नागपूरला आल्या. मला वाटलं, आता रोज हाताशी असेल, ओळख होईल. सकाळी होतेही. साडेपाचला मी तिला कॉलनीच्या बागेत नेतो, कडुलिंबाखाली उभा राहतो, ती पानांकडे एकटक बघत बसते. अर्धा तास हूं की चूं नाही. पण संध्याकाळी सात वाजले की तीच मुलगी माझ्या हातात थांबत नाही. आधी खालचा ओठ पुढे येतो, हनुवटीवर बारीक खळ्या पडतात, दोन सेकंद काहीच आवाज नसतो आणि मग असा टाहो फोडते की शेजारचे दार उघडून बघतात. एका हाताने माझा बनियन घट्ट धरलेला असतो आणि पाठ मात्र कमानीसारखी ताणून माझ्यापासून लांब जायला बघते.

मग घरातलं कोणीतरी येतं. माझी आई नागपुरातच महाल भागात मोठ्या भावाकडे असते, ती आलेली असली तर म्हणते, "काहून रडवून राहिला पोरीले? दे इकडं." बायको काही म्हणत नाही, नुसते हात पुढे करते. दोघींच्या खांद्यावर ती पाच मिनिटांत शांत होते. मी तिथेच रिकाम्या हातांनी उभा. मला कोणाचाच राग नाही, मूल रडताना कोण बघत बसेल? पण रोज असं झालं तर मी शिकणार कधी?

२३ एप्रिलला चौदा आठवड्यांचं लसीकरण होतं. मी मुद्दाम शिफ्ट बदलून घेतली होती. कार्ड माझ्या हातात, पोरगी माझ्या खांद्यावर. आमचा नंबर आला तशा तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "बाळ आईकडे द्या, तुम्ही बाहेर थांबा." सुई टोचल्यावरचं तिचं रडणं मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकलं. त्यांचा नियम असेल, गर्दीही होती. पण तेव्हापासून मी ठरवलं आहे की आता मागे राहायचं नाही.

घाई यासाठी की बायकोची २६ आठवड्यांची रजा जुलैच्या सुरुवातीला संपते. ती बँकेत आहे, साडेनवाला निघेल. मी जुलैपासून कायम दुसरी शिफ्ट मागून घेतली आहे, म्हणजे दुपारी तीन ते रात्री अकरा. आई एक वाजता येईल, पण तिचे गुडघे दुखतात, फार वेळ उचलून घेऊ शकत नाही. तर सकाळचे साडेतीन-चार तास मी आणि लेक, दोघंच. तेव्हा ती साडेपाच महिन्यांची असेल. सहा महिने पूर्ण होईपर्यंत वरचं काही नाही, फक्त आईचं दूध, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. म्हणजे काढून ठेवलेलं दूध मलाच पाजावं लागेल. आम्ही दोनदा बाटलीने प्रयत्न केला, तिने जिभेने ढकलून दिलं.

तर विचारायचं हे की संध्याकाळी तिला माझ्याजवळ शांत कसं करायचं, दूध कशाने आणि कसं पाजायचं, आणि नागपूरच्या या उन्हात ते टिकवायचं कसं? पारा ४४ वर गेला आहे. अजून एक म्हणजे कूलर. घरात एसी नाही. कूलरच्या खोलीत झोपवलं तर सर्दी होईल म्हणतात, बाहेर झोपवलं तर मानेवर घामोळ्या उठतात. आणि येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, उन्हाळा आहे, घोटभर पाणी पाजा.

पहिला प्रतिसाद

दादा, मी दोन मुलींची आई, माझ्या दोघी नागपूरच्याच उन्हाळ्यात वाढल्या. पाण्याचं आधी सांगते. सहा महिन्यांच्या आत एक चमचाही पाणी देऊ नका. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. उन्हात बाळ वारंवार मागतं, तेव्हा पाजायचं, बस. दिवसातून सहा-सात वेळा लंगोट चांगला ओला होतो आहे ना, तेवढं बघा. शू कमी झाली, पिवळी व्हायला लागली, बाळ मरगळलं, तर मात्र घरी थांबू नका.

कूलर खुशाल लावा. झोत अंगावर नको, समोरच्या भिंतीवर जाऊ द्या, आणि पलीकडची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते आणि घामोळ्या त्यानेच वाढतात. अंगात एकच सुती झबलं. टोपडं, मोजे काढून टाका. पावडरही थापू नका, मानेच्या वळीत तिचा चिखल होतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतून ब्रशने घासायची, कारण डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या पाण्यात होतात. नवतपा लागायच्या आत वाळ्याच्या ताट्या बदलून घ्या.

दुसरा प्रतिसाद

मी नवजात शिशू विभागात पंधरा वर्षं सिस्टर आहे. आधी तुमच्या मनातला सल काढते. ती तुम्हाला नाकारत नाहीये. या वयात अनोळखी माणसाची भीती नसते, ती सहा-आठ महिन्यांनंतर येते. संध्याकाळचं रडणं बहुतेक बाळांचं दीड-दोन महिन्यांना सगळ्यात जास्त असतं आणि तीन ते पाच महिन्यांत उतरत जातं. आईजवळ ती शांत होते कारण तिथे दुधाचा वास आणि ओळखीचा ठोका आहे. तुमच्या अंगाचा वास तिला पहिले तीन महिने आठवड्यातून एकदाच भेटलेला आहे.

तेव्हा वास वाढवा. सकाळी बागेतून आलात की शर्ट काढा, तिला नुसत्या लंगोटावर छातीशी घ्या, तास-अर्धा तास. आम्ही कमी वजनाच्या बाळांना हेच देतो. ही पद्धत १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात, इन्क्युबेटर अपुरे पडले म्हणून सुरू झाली. बापाच्या छातीवरही ती तितकीच चालते. फक्त त्या वेळी तुम्ही झोपू नका.

संध्याकाळी रडायला लागल्यावर हातात घेऊ नका, त्याच्या आधी घ्या. साडेसहाला, ती हसत असताना. रडल्यावर घेतलं की तुमचा हात आणि रडणं यांची जोडी लागते. आणि घरच्यांना सांगा, दहा मिनिटं कोणी यायचं नाही. पण एक लक्षात ठेवा. तुमचाच जीव मेटाकुटीला आला, हात थरथरायला लागले, तर तिला पाळण्यात पाठीवर ठेवा आणि दोन मिनिटं गॅलरीत जा. रडून बाळाला काही होत नाही, गदगदा हलवल्याने मेंदूला इजा होते.

बाटली सोडा, बोंडलं (चोच असलेली छोटी वाटी) किंवा वाटी-चमचा घ्या. काढलेलं दूध २५ अंशांच्या आसपास चार तास टिकतं, तुमच्या ओट्यावर तेवढं तापमान मे महिन्यात कधीच नसतं, म्हणून काढल्या काढल्या फ्रिजमध्ये, दारात नव्हे, आत मागच्या बाजूला. चार दिवस चालतं. देताना गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवायची, गॅसवर तापवायचं नाही. साय वर येते, हलक्या हाताने फिरवून घ्या. उष्टं उरलेलं परत ठेवू नका. आणि पाजताना आई घरात दिसायला नको. अर्धवट भूक असताना पाजा. भुकेने कासावीस झालेलं बाळ नवीन काही शिकत नाही.

तिसरा प्रतिसाद

भाऊ, माझाही पोरगा माझ्याकडे राहत नव्हता. मला अंगाईगीत येत नाही म्हणून मी त्याला सतराचा पाढा म्हणायचो, रोज तोच, त्याच चालीत. तुम्ही रोज एकच काहीतरी धरा. बदलू नका. आणि आंघोळ स्वतःकडे घ्या. आमच्याकडे टाळूला तेल लावण्यापासून सगळं मी करायचो, त्यानेच ओळख झाली.

धागाकर्त्याचा प्रतिसाद, १२ दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टरताईंचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "तुझ्या बापानं तुले कधी घेतलंच नाही रे, मले वाटे माणसाईले जमतच नाही." त्या दिवसापासून ती साडेसहाला स्वतःहून देवळात जाते.

आंघोळ आता माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी पायांवर पालथी घेतली तेव्हा माझेच पाय कापत होते. आता पाठीवर पाणी पडलं की ती मान वर करून बघते, कोण आहे ते. छातीशी घेणं सकाळीच जमतं, नंतर दोघंही घामाने चिकटतो. कूलरचा झोत भिंतीवर वळवला, घामोळ्या सुकल्या.

सतराच्या पाढ्याचं वाचून मी विचार केला, मला काय पाठ आहे? तीन महिने दर आठवड्याला तिच्याकडे जाताना गाडीतून जी स्टेशनं मोजली ती. अजनी, खापरी, गुमगाव, बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी, तुळजापूर, सेलू रोड, वरूड, सेवाग्राम, वर्धा. रोज साडेसहाला हीच म्हणत हॉलमध्ये फेऱ्या मारतो. पहिले तीन दिवस वर्ध्याला पोचून परत फिरायचो तरी रडणं चालूच. चौथ्या दिवशी सेवाग्रामच्या आसपास हुंदके थांबले. काल सिंदीलाच मान माझ्या खांद्यावर पडली, बनियन मात्र सोडला नव्हता. तसाच बसून राहिलो, बायकोने ताट तिथेच आणून दिलं.

बोंडल्याचं अजून जमत नाही. बायको खाली गेली की पाच-सहा घोट घेते, २० मिलीच्या पुढे जात नाही, मग तोंड फिरवते. दूध अगदी कोमट असतं, ती शांत असते, तरीही. हातात सात आठवडे आहेत. प्रमाण रोज थोडं वाढवत न्यायचं की पोटभर घेईल ती एकच वेळ धरून बसायचं? ज्यांच्या बाळाने बोंडल्यावर आधी असंच केलं त्यांनी कृपया सांगा.