‘दोलोस’ म्हणजे नेमके कोणते कपट?

प्रश्न (वेंगुर्ले)
आमच्या वाडीतल्या रविवारच्या बायबल-वाचनात योहान १:४७ हे वचन आले. नथनेलाला येताना पाहून येशू म्हणतो की, हा खरा इस्राएली आहे, याच्या ठायी कपट नाही. मूळ ग्रीक शब्द ‘दोलोस’ आहे, एवढे मला कळले. येथे कपट म्हणजे खोटे बोलणे समजावे का? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (वसई)
खोट्याला ग्रीकमध्ये ‘प्स्यूदोस’ हा वेगळा शब्द आहे. दोलोसमध्ये बोलण्यापेक्षा आतला बेत महत्त्वाचा. मत्तय २६:४ मध्ये येशूला गुपचूप धरण्याची मसलत होते, तिथे हाच शब्द आहे. होमरच्या ‘ओडिसी’च्या १२व्या सर्गात खडकावरून मासे धरणारा माणूस पाण्यात जे आमिष टाकतो, तेही दोलोसच.

आपल्या वचनाची किल्ली मात्र मला उत्पत्ती २७:३५ मध्ये दिसते. याकोब थोरला भाऊ एसाव भासावा म्हणून करडांची कातडी हातांना गुंडाळून आंधळ्या बापापुढे, इसहाकापुढे गेला आणि थोरल्याचा आशीर्वाद घेऊन आला. तेव्हा ‘तुझ्या भावाने कपटाने येऊन तुझा आशीर्वाद नेला’ असे इसहाक एसावाला सांगतो, त्यात जुन्या ग्रीक भाषांतराने, म्हणजे सेप्टुअजिंटने, दोलोस हाच शब्द ठेवला आहे. त्याच याकोबाला पुढे इस्राएल हे नाव मिळाले. म्हणजे नथनेल हा दोलोस नसलेला इस्राएल ठरतो, आणि चारच वचनांनंतर चढणाऱ्या-उतरणाऱ्या देवदूतांचा उल्लेख येतो, तोही याकोबाच्या स्वप्नातलाच.

उत्तर (देवबाग)
ग्रीक मला येत नाही, पण आमिषाची गोष्ट पटली. कर्लीच्या खाडीत तांबोशासाठी गरी टाकताना सुंगटाच्या, म्हणजे कोळंबीच्या, मांसात गरीचे टोक पूर्ण दडवावे लागते. सुंगट खरेच असते, ताजेही असते. लपवलेली असते ती फक्त गरी. त्यामुळे वसईकरांनी खोटे आणि कपट यांत केलेला फरक मला अगदी नेमका वाटतो.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. नथनेलाने ‘नासरेथातून काही चांगले निघू शकते काय?’ असे फिलिप्पाला उघड विचारले होते, ते आता वचनाशी जुळते. मनातली शंका त्याने दडवलीच नाही. १ पेत्र २:२ मधील ‘निऱ्या दुधा’चा याच्याशी काही संबंध आहे का?

उत्तर (वसई)
आहे. तिथे ‘आदोलोन’, म्हणजे दोलोस नसलेले, असा शब्द आहे. इजिप्तमध्ये सापडलेल्या ग्रीक पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदांवरच्या जुन्या लेखांत, भेसळ नसलेल्या गव्हालाही हेच विशेषण लावलेले आढळते.